आचऱ्याच्या तळ्यावर थांबलेलं घड्याळ

मालवणात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी आरिफा कामाला वाघीण, पण हात मेले स्वस्थ बसतील तर शपथ! स्क्रीनपुढे बसली की माउस उगाच इकडून तिकडे फिरवत राहायची. आचऱ्याला जितेंद्रच्या कोळंबीच्या तळ्यावर ही खोडच आडवी आली.

तळ्यात हवा घालणारी चाकं कॉम्प्युटर वेळेवर सुरू करी. हल्ली मात्र करीनासा झाला होता, आणि कोळंबी गुदमरून मरत होती. यंदाचं पीक गेलं तर तळं बंद करण्यावाचून जितेंद्रला गत्यंतर नव्हतं. आरिफा दोनदा येऊन गेली. ती बसली की सुंठीवाचून खोकला गेलेला, तिची पाठ वळली की पुन्हा रड सुरू!

तिसऱ्या खेपेला मळभ होतं, वारा पडला होता. या वेळी आरिफाने हात मांडीखाली दाबून धरले नि नुसती बघत बसली. स्क्रीनवरच्या घड्याळाचे सेकंद चालता चालता थांबले. चाकांची वेळ टळली.

"सुंगटां वर इली गो!" कोळंबी श्वासासाठी पाण्यावर आलेली बघून जितेंद्र धावत आला आणि चाकं सुरू करायला कीबोर्डवर झेपावला. आरिफाने त्याचं मनगट पकडलं.

"हात लावू नको! लावलंस तर काय्येक कळूचा नाय."

"सोड माका! मरतली ती!"

तिने सोडलं नाही. मोबाइलचं घड्याळ पुढे गेलं, स्क्रीनवरचं तिथेच. मग तिने स्वतःच एक कळ दाबली. सेकंद धावू लागले, बाहेर चाकांनी पाणी घुसळलं.

सापडलं एकदाचं! काम नसलं की कॉम्प्युटर गाढ झोपी जात होता आणि घड्याळाच्या टिचकीने, म्हणजे इंटरप्टने, जागाच होत नव्हता. माउस हलला की जागा; म्हणूनच ती माउस फिरवत बसली की बिघाड दिसतच नव्हता. तिने सेटिंगमध्ये शिरून ती गाढ झोपच बंद केली.

आता पुन्हा वाट बघायची. दोघंही हात बांधून बसली. वेळ झाली, आणि चाकं आपसूक फिरली.

जितेंद्र टोपली घेऊन काठावर गेला. मघाच्या खोळंब्यात मेलेली कोळंबी कडेला लागली होती. आरिफाही शेजारी उकिडवी बसून ती वेचू लागली.

"तू हात धरलंस ना, तेव्हा तुका ढकलून देवचा वाटलला," तो म्हणाला.

"मीय खूप भियालंय रे," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.