दुसऱ्या तडतडीच्या आधी

माझी मावशी अठरा वर्षं कॉफी भाजत होती. कारखान्यात सगळे तिला ‘नाक’ म्हणायचे. “नाक आलं का?” असं कुणी विचारलं की ती दारातूनच ओरडायची, “आलंय, तुमचं कापायला!”

भट्टीवरचं घड्याळ केव्हाच बंद पडलेलं. तिचं काही अडलं नाही. फिरत्या पिंपात हिरव्या बिया पडल्या की आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाजलेल्या पावाचा. मग आतल्या पाण्याची वाफ होते आणि बिया तडतडतात. मी शाळा सोडून तिच्या जोडीला आले तेव्हा ती म्हणाली, “इथून पुढे कान टवकार. आत्ता हिच्यात गोडी आहे, थोडा आंबटपणा आहे. दुसऱ्यांदा तडतडली, तेल वर आलं, की चांगली काय नि सडकी काय, सगळ्यांचा कोळसा.” रसायनशास्त्रात मी कायम नापास. पण हे एकदाच ऐकलं नि डोक्यात बसलं.

गेल्या वर्षी गोदामाचं छप्पर गळलं, चाळीस गोणी भिजल्या. मावशीने एक उघडली, मूठभर बिया हुंगल्या आणि तोंड फिरवलं.

“बुरशी धरलीय. फेकून द्या.”

मालक म्हणाला, “काळ्या भाज. कडू झाल्यावर कुणाला कळतंय? बुधवारी हॉटेलवाला येतोय चाखायला. जमत नसेल तर सांग, दुसरा माणूस बघतो.”

मला वाटलं, आता ही हातातलं फावडं त्याच्या डोक्यात घालते. तिने गोणी ओढली.

“मावशी, तू हे करणार?”

“पन्नाशीच्या बाईला नव्याने कोण ठेवतं गं? धर ते टोक.”

माझं डोकंच फिरलं. बुधवारी तिने त्याच भिजक्या बियांचा घाणा पिंपात ओतला. पहिली तडतड झाली. ती सालपटं झाडायला मागे वळली आणि मी पिंपाचं तोंड उघडायचा दांडा ओढला. तपकिरी बिया परातीत पडल्या. म्हटलं, येऊ दे वास. होऊ दे मालकाची शोभा. मावशीने परात पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. परत भाजायला वेळच नव्हता, हॉटेलवाला दारात उभा होता.

त्याने एक घोट घेतला आणि कपातच थुंकला. “ओल्या गोणपाटासारखी लागतेय. कोणी भाजली?”

“ह्या बाईने,” मालक लगेच म्हणाला. “वय झालं. नाक गेलंय.”

“दांडा मी ओढला!” मी ओरडले. “बियाच सडक्या होत्या, ह्यांना माहीत...”

“गप,” मावशी म्हणाली. ती ॲप्रनची गाठ सोडत होती. बियांचं बोलली असती तर ‘मग भाजल्यास कशाला?’ हा सवाल आलाच असता.

मालकाने मला थांबवून विचारलं, भट्टीवर तू उभी राहशील का. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

रस्त्यात मावशी एवढंच म्हणाली, “काळी भाजली असती तर मुकाट प्यायला असता गं तो. वर म्हणाला असता, काय कडक आहे!”

“मावशी, चुकलं माझं.”

“वेळ बरोबर साधलीस. मीच शिकवलं ना.”

नंतर आम्ही तीन कारखाने फिरलो. नाक गेलेली बाई ही बातमी तिन्हीकडे आमच्या आधी पोचली होती. आता ती एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कप विसळते.