चौथा ताडगोळा

रोहिणी गेल्याचा फोन माझ्या मुलीला आला, मला नाही. कल्याणच्या कॉलेजात आम्ही दोघी वर्षानुवर्षं अर्थशास्त्र शिकवत होतो, स्टाफरूममध्ये एकाच टेबलाशी बसत होतो. पण तिच्या नवऱ्याला आधी आठवली ती मुग्धा. त्या क्षणीसुद्धा मला ते खुपलं. खोटं कशाला लिहू... रोहिणीचा मला कायम हेवा वाटत आला.

मुग्धा बारावीत जाणार होती, त्या सुट्टीतली गोष्ट. उपभोक्त्याचं संतोषाधिक्य, म्हणजे एखाद्या वस्तूला आपण जास्तीत जास्त जितके पैसे दिले असते आणि प्रत्यक्षात जितके देतो त्यांतला फरक, मी तिला दोन संध्याकाळी समजावलं. मागणीपत्रक मांडलं, वक्र काढला. ती जांभया देत राहिली. शेवटी "तुझं सगळं फळ्यावरचं असतं गं आई," म्हणत डोंबिवलीला रोहिणीकडे निघून गेली.

परतली ती चिकट हातांनी. रोहिणीने चार ताडगोळे सोलून पुढ्यात ठेवलेले आणि प्रत्येक खाण्याआधी विचारलेलं, याला जास्तीत जास्त किती देशील?

"पहिल्याला वीस म्हटलं, दुसऱ्याला पंधरा, तिसऱ्याला दहा. मग पोट भरलेलं ना, चौथ्याला पाचच! आणि बाजारात भाव दहा. म्हणजे मी तीनच घेणार. पंचेचाळीस द्यायला तयार होते, दिले तीस, पंधराचं संतोषाधिक्य. इतकं सोप्पं होतं, आई!"

"आणि चौथा?"

"तो मावशीने खाल्ला. म्हणाली, जो दहाला कोणी घेत नाही, तो बाईंचा."

उत्तर बरोबर होतं आणि माझा नुसता जळफळाट झाला. पोर माझी, विषय माझा... आणि डोक्यात उजेड पडला तो तिच्या घरी. पुढे दर उन्हाळ्यात मुग्धा तिच्याकडे ताडगोळे घेऊन जायची. कधी मीही जायचे. त्या दोघी हसत बसायच्या, मी सोलत बसायचे.

परवा मुग्धाने स्टेशनबाहेरून ताडगोळे आणले. चार सोलले, दोन मला दिले, एक स्वतः खाल्ला आणि चौथा बशीत बाजूला ठेवला. "मावशीचा," म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. मी गेल्यावर माझ्यासाठी मुग्धा असं काही बाजूला ठेवेल का, हा विचार मनात आलाच. जित्याची खोड! बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिले. मग उचलला आणि खाल्ला.

पाचच रुपयांचा म्हणे तो. तो खायला रोहिणी समोर बसली असती, तर मी कितीही दिले असते.