ओसरीवर जेवायला बसणारे प्राध्यापक

प्राध्यापक एकनाथराव भावसार यांची माझी पहिली भेट आगगाडीत झाली. मॅट्रिक होऊन मी माझ्या गावाहून, कोरीटहून, नंदुरबार स्टेशनावर आलो होतो आणि गुजरातेतल्या कॉलेजात नाव घालायला निघालो होतो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक म्हातारी खिडकीचा गज धरून उभी होती. माझ्या अंगात नवा कोट, जवळ नवी पेटी आणि मनात कॉलेजात जाण्याची ऐट. मी उठलो, तिचा दंड धरून तिला माझ्या जागेवर बसवले आणि कोणी पाहिले का ते पाहिले. गाडी हलली तशी म्हातारी रडू लागली. समोर बसलेल्या गृहस्थांनी वाकून विचारले, “काय व्हयनं, माय?”

“मन्ही पोर व्हती तठे फलाटवर,” ती म्हणाली. “आते वरीसभर दखाव नही.”

ते गृहस्थ माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “जागा दिलीत, चांगलं केलंत. पण त्यांना बसायचं नव्हतं. त्या कुणाकडे पाहत होत्या, ते आधी पाहायला हवं होतं.”

मला राग आला. पुढच्या आठवड्यात तेच गृहस्थ आमच्या वर्गात मानसशास्त्र शिकवायला उभे राहिले. खानदेशातून आलेले आम्ही विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत असू.

अण्णांच्या विद्वत्तेविषयी या गौरवग्रंथातले इतर लेखक अधिकाराने लिहितील. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती आमच्या गौरवाची नाही.

आमच्या बोर्डिंगात नवापूरच्या डोंगराकडचा दानियल वसावे नावाचा विद्यार्थी होता. त्याच्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. घरी डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोली बोलणारा, आमच्याशी पुस्तकातल्यासारखे शुद्ध मराठी बोलणारा. आमची पंगत आत बसे. त्याचे पान बाहेर ओसरीवर मांडले जाई. कोणी तसा नियम केला नव्हता. पहिल्या दिवशी वाढप्याने तसे मांडले आणि आम्ही ते चालू दिले. त्याची खाट माझ्या खाटेशेजारी होती.

त्या पावसाळ्यात तापीला पूर आला आणि काठावरची गावे उघड्यावर पडली. आम्ही विद्यार्थ्यांनी साहाय्य मंडळ काढले, घरोघर फिरून कपडे आणि धान्य जमवले. अण्णा आमच्याबरोबर गाठोडी बांधायला बसत. दानियलही येई. तीन दिवस तो नेहमीहून गप्प होता. आम्ही त्याची थट्टा करत होतो, की हे मौनव्रत पूरग्रस्तांसाठी दिसते. एका सकाळी त्याची खाट रिकामी दिसली. आम्ही गाठोडी पोचवायच्या गडबडीत होतो.

तो वर्गात दिसेना म्हणून अण्णा चौथ्या दिवशी बोर्डिंगात आले.

“त्याच्या शेजारी कोण झोपतं?” त्यांनी विचारले.

“मी.”

“जाण्याआधी तो जेवत होता का?”

मला सांगता आले नाही.  दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन अण्णा नवापूरला उतरले. तिथून आम्ही चिखल तुडवत दुपारपर्यंत चाललो. दानियल शेतात नागली लावत होता. त्याने आम्हाला घरात नेले. त्याच्या आईने आमच्यापुढे भाकरी आणि मिरची ठेवली आणि ती भिंतीशी जाऊन बसली. वडील आठ दिवस तापाने पडून वारले होते. ते कळवणारे पत्र त्याच्या हाती पडले तेव्हाच माती देऊन झाली होती.

“पत्र जेवताना मिळालं,” दानियल म्हणाला. “ओसरीवरच वाचलं. दार उघडं होतं. समोर बारा जण जेवत होते, ते वाढप्याकडे वरण मागत होते. कुणी वर पाहिलं नाही.”

“मला सांगायचंस,” मी म्हणालो.

“मी तीन दिवस वाट पाहिली, तू विचारशील म्हणून.”

अण्णांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग ते म्हणाले, “मीही तुझ्याशेजारी बसून गाठोडी बांधली. मलाही दिसलं नाही. माझं चुकलं, दानियल. परत चल.”

“नको, सर. तिथं मला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण तिथं मी मेलो असतो तरी वासावरूनच कळलं असतं.”

तो आला नाही.

परतल्यावर अण्णांनी रोज संध्याकाळी बोर्डिंगात जेवायला सुरुवात केली. त्यांचे पान ते ओसरीवर मांडायला सांगत आणि ज्यांना बसायचे असेल त्यांनी यावे म्हणत. पहिल्या दिवशी आम्ही तिघे गेलो, पुढे मी एकटा, आणि घरून वडिलांचे दटावणारे पत्र आल्यावर मीही आत बसू लागलो. अण्णांनी मला कधी दोष दिला नाही. कॉलेजच्या चालकांनी त्यांना हा प्रकार थांबवायला सांगितले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि नंदुरबारला येऊन स्वतःच्या घरी छात्रालय काढले. सगळे एका पंगतीत जेवणार म्हणून गावातल्या पालकांनी मुले पाठवली नाहीत. डोंगरातली मुले आली आणि पेरणीला घरी गेली ती परतली नाहीत. तीन वर्षांनी छात्रालय बंद झाले. दरवर्षी अण्णा दानियलला भेटायला जात. चौथ्या वर्षी गेले तेव्हा हिवतापाने तो गेल्याला सहा महिने झाले होते.

पुढे माझी पत्नी वारली तेव्हा पहिले दहा दिवस घरात माणसे मावत नव्हती. अण्णा त्यांत फारसे बोलले नाहीत. महिन्याने एका दुपारी ते एकटेच आले आणि म्हणाले, “आता लोक यायचे थांबले असतील, म्हणून आलो.” मग त्यांनी तिचे माहेरचे नाव विचारले आणि तिच्याविषयी मला बोलू दिले. तोवर तिच्याविषयी मला कोणी काही विचारलेच नव्हते.

या ग्रंथाचे सांगायला मी गेलो, तेव्हा त्यांची दृष्टी फार अधू झालेली दिसली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “कसाना गौरव करी ऱ्हायनात तुम्ही? एक पोऱ्या राखता उना नही माले.”

मी म्हणालो, “अण्णा, तुमचे विद्यार्थी वकील झाले, डॉक्टर झाले, मामलेदार झाले.”

“ते झाले. दुसऱ्याचं दुःख न सांगता ओळखणारा त्यांत कोण, ते एक नाव सांग.”

मी आठवून पाहिले. माझ्या तोंडी एकही नाव आले नाही; माझे स्वतःचेही नाही. या ग्रंथात ज्यांचे लेख आहेत त्यांनीही हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा, अशी माझी विनंती आहे.

अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभावे, असे मी मनापासून मागतो. त्यांना स्वतःला त्याची ओढ उरली आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण आमच्यातला एकही जण अजून शिकून तयार झालेला नाही, आणि अशा वेळी त्यांनी आम्हाला सोडून जाऊ नये.