तीनदा नको म्हणणारे खान

मुलांनो, परवा धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, मंगोलांचं साम्राज्य का बुडालं?" मला फार बरं वाटलं. खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला आणि गवतापासून सुरुवात केली. गवतावरून घोड्यांपर्यंत पोचते आहे तोवर तिकडून आवाज आला, "आजी, आय जस्ट नीड थ्री पॉइंट्स."

सांगलीच्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. साम्राज्य तीन मुद्द्यांत बुडवता येतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरेच तास वाचले असते. असो. तुला मुद्दे मिळाले, तू फोन ठेवलास. उरलेला इतिहास इथे लिहिते आहे. तो बहुतांश मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये घडला, आणि तेव्हा तुम्ही दोघं त्याच घरात कार्टून बघत होतात.

एक नियम आधीच सांगते. मी नावं घेणार नाही, खानांचीही नाही आणि तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचीही नाही. दोघांचेही वंशज जगभर पसरले आहेत आणि फार हळवे आहेत.

आधी भूगोल. मध्य आशियातलं गवत चीनच्या भिंतीपासून जवळजवळ हंगेरीपर्यंत पसरलेलं आहे. तिथली माणसं एका जागी राहत नाहीत. उन्हाळ्यात वरच्या कुरणात, थंडीत खालच्या. तुमचे आजोबा गेल्यानंतर माझंही तेच झालं होतं. मे महिन्यात मिशिगन, ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आत सांगली. गवताळ प्रदेशात मूल चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसतं, कारण घोड्याशिवाय तिथे माणूस म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा. ट्रॉयमध्ये मी तो खुंटा होते. तुमचे आईबाबा ऑफिसात, तुम्ही शाळेत किंवा कॅम्पला, आणि मला गाडी चालवता येत नव्हती. सगळ्यात जवळचं दुकान गाडीने पाच मिनिटांवर होतं. म्हणजे माझ्यासाठी ते हंगेरीत होतं.

माझा घोडा म्हणजे वहिनींची निळी व्हॅन. वहिनी मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान डॉक्टर, आणि दोघं मिशिगनमध्ये आले तेव्हा तिथे कोथिंबीर मिळत नव्हती. हे त्या ओळख झाल्याबरोबर सगळ्यांना सांगत. दर गुरुवारी सकाळी त्या आमच्या दारात हॉर्न वाजवायच्या. ट्रॉयमध्ये हॉर्न कुणी वाजवत नाही. शेजारी पडदे सरकवून बघायचे. मी बूट घालून तयारच असे. मग लायब्ररी, मग इंडियन ग्रोसरी, मग त्यांच्या घरी चहा. "काय मास्तरीणबाई, आज कोणाला मारून राहिले तुमचे हूण?" असं त्या विचारायच्या आणि खरोखर ऐकायच्या. आठवड्यातले बाकीचे दिवस मी त्या गुरुवारच्या आधारावर काढत असे. हे तुमच्या बाबांना ठाऊक नव्हतं. त्याला वाटे, आईला केबल घेऊन दिली आहे, आई खूश आहे.

आता साम्राज्य. आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे वहिनींचेच डॉक्टर. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. दर जुलैत सर्वसाधारण सभा भरे आणि दर जुलैत डॉक्टर उभे राहून म्हणत, "आता पुरे. आता तरुणांनी पुढे यावं." मग एक निवृत्त इंजिनियर काका उठून म्हणत, "छे छे, डॉक्टर, तुमच्याशिवाय कोण?" डॉक्टर म्हणत, नको. मग सगळा हॉल म्हणे, हो. डॉक्टर पुन्हा, नको, तब्येत साथ देत नाही. मग बायका म्हणत, डॉक्टरांनाच तब्येत साथ देणार नाही तर आमचं कसं? तिसऱ्यांदा नको म्हणून ते चष्मा काढून पुसत, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढला की अध्यक्ष झालेले असत. "तुमचा एवढा आग्रहच आहे, तर..." या 'तर'वर श्रीखंडाच्या पातेल्याचं झाकण निघे. लोकशाही एवढी चविष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

त्या वर्षी, दोन हजार सहा साल असावं, वहिनींनी जूनमध्ये त्यांच्या बेसमेंटमध्ये माझं व्याख्यान ठेवलं. विषय माझाच, गवताळ प्रदेशातली साम्राज्यं. बटाटेवडे होते म्हणून गर्दी चांगली झाली.

मी सांगितलं, की हे लोक फार झपाट्याने उठतात. दहा टोळ्या एकमेकींच्या मेंढ्या चोरत असतात, एक माणूस त्यांना एकत्र करतो, आणि मग त्या सगळ्या मिळून चीनच्या मेंढ्या चोरतात. त्याला राज्य म्हणायचं. खान टिकतो तो वाटण्याच्या जोरावर. रेशीम, मान, पंगतीतली जागा, सगळं वाटत राहायचं. (आमच्या मंडळात तेव्हा अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, एक सहउपाध्यक्ष आणि एक ध्वनिव्यवस्था प्रमुख होते.) खान मेला की मोठी सभा भरते, आणि त्या सभेसाठी लढाई अर्धी टाकून लोक परत जातात. युरोपचा मोठा भाग अशा एका निवडणुकीमुळे वाचला असं म्हणतात. आणि सभेत ज्याला निवडायचं असतं तो आधी नको म्हणतो. काका आहेत, थोरले भाऊ आहेत, मी कोण? पुन्हा पुन्हा नको म्हणतो. मग त्याला धरून गादीवर बसवतात. नको न म्हणता बसणारा खान म्हणजे उर्मट माणूस.

यावर सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले. "काय नाटकी लोक!" ते म्हणाले आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

नुकतेच पुण्याहून आलेले आयटीवाले तरुणही होते. त्यातला एक म्हणाला, "काकू, मॉडेल स्केलेबल नव्हतं." दुसरा म्हणाला, "सक्सेशन प्लॅनिंगच नाही ना यार." मी म्हटलं, तुम्ही दोघं पेपर तपासायला या. तुमचे बाबा व्याख्यानाला नव्हते. त्यांचा शनिवारी पण कॉल होता.

जुलैतल्या एका शनिवारी सभा झाली. नेहमी पहिल्यांदा उठणाऱ्या इंजिनियर काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते घरी होते. राज्यं अशाच बारीक गोष्टींनी पडतात. तुमचे बाबा माईक लावायला म्हणून आले होते.

डॉक्टर उठले. "आता पुरे. आता तरुणांनी पुढे यावं." आणि थांबले. हॉलही थांबला. प्रत्येकजण काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. तेवढ्यात स्केलेबलवाला मुलगा उठला आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, वी टोटली रिस्पेक्ट दॅट. इतकी वर्षं केलंत तुम्ही. यू डिझर्व्ह अ ब्रेक!"

टाळ्या वाजल्या. तरुण मंडळी उभी राहून वाजवत होती. डॉक्टरांचा हात चष्म्यापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

"मग आता कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"हा बघ, माईक यानेच लावलाय. तूच कर ना यार."

आणि तुमचे बाबा म्हणाले, "ओके."

एकदाही नको नाही. माझ्या पोटचा मुलगा! मी वहिनींकडे पाहिलं. त्या श्रीखंडाच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. झाकण त्यांनी काढलं नाही. शेवटी कुणाच्या तरी मुलाने काढलं.

पुढच्या गुरुवारी मी बूट घालून बसले. हॉर्न वाजला नाही. तुमच्यातला थोरला मला विचारत होता, "आजी, व्हाय आर यू वेअरिंग शूज?" मी म्हटलं, पाय गार पडलेत. जुलै होता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही मी बूट घातले.

संध्याकाळी तुमच्या बाबांना म्हटलं, "तू डॉक्टरांचा अपमान केलास."

"आई, ते स्वतः नको म्हणाले! मी त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवला."

"जेवताना मी पोळी नको म्हटलं तर तू काय करतोस?"

"नाही वाढत."

"म्हणूनच मी इथे आल्यापासून बारीक झाले आहे."

तो हसला. मी हसत नव्हते हे त्याला जरा उशिरा कळलं.

ऑगस्टपर्यंत डॉक्टरांनी दुसरं मंडळ काढलं. साम्राज्य दुभंगलं की दोन्ही बाजू जुनंच नाव सांगतात, तसं दोघेही स्वतःला मूळ मंडळ म्हणू लागले. नागपूरकर डॉक्टरांकडे गेले, पुणेकर तुमच्या बाबांकडे. मुंबईकर दोन्हीकडे जेवू लागले. डॉक्टरांच्या बाजूला सहउपाध्यक्षही दोन झाले. गणपती दोन ठरले, एकाच दिवशी, एकाच वेळी, चार मैलांवर. मोदकांचा साचा मात्र सगळ्या ट्रॉयमध्ये एकच मोठा होता आणि तो वहिनींकडे होता. मला साच्याचं काही नव्हतं. ऑक्टोबरात मी परत जाणार होते आणि तोवरचे गुरुवार एकेक करून फुकट जात होते. पुढच्या मे महिन्यात मी येणार कुणाच्या भरवशावर?

मग एका रविवारी मी तुमच्या बाबांना म्हटलं, "गाडी काढ." वाटेत त्याला व्याख्यानातला चुकलेला भाग सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे दे से नो बट दे मीन यस? आई, हे फार कन्फ्यूजिंग आहे." मी म्हटलं, "अर्ध्या जगावर राज्य केलं त्यांनी याच पद्धतीने. तुला एक शनिवार सांभाळता येत नाही?"

वहिनींनी दार उघडलं. चेहरा बंद होता, पण रीत ती रीत. "चहा घेशील ना?"

"नको काकू, आत्ताच घेतला."

"अर्धा कप?"

"नाही, खरंच, आय अ‍ॅम गुड."

"असं कसं? बस." आणि त्या आत जाऊन आधण ठेवून आल्या. मी मुलाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तेवढ्यात त्याला जे कळलं, ते मला गाडीत समजावता आलं नव्हतं.

डॉक्टर पेपर धरून बसले होते. तुमचे बाबा म्हणाले, "काका, आमच्या गणपतीची आरती तुमच्या हातून व्हायला पाहिजे."

"छे. तुम्ही तरुण समर्थ आहात."

त्याचं तोंड ओकेसाठी उघडलेलं मला दिसलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"नाही काका. तुमच्याशिवाय नाही होणार."

"माझं आता वय झालं रे. आणि माझा स्वतःचा गणपती आहे."

"मग आम्ही आमची वेळ पुढे ढकलतो. तुमची आरती झाली की या. आम्ही थांबतो."

"नको नको, लोकांची गैरसोय."

"होऊ दे. लोक थांबतील."

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या.

"तुझा एवढा आग्रहच आहे," डॉक्टर म्हणाले, "तर..."

राज्य काही एक झालं नाही. कुणी चुकूनही तसं सुचवलं नाही. दोन गणपती बसले, फक्त वेळा वेगळ्या झाल्या. मोदक दोन्हीकडे त्याच साच्यातले होते. पण त्या गुरुवारी आमच्या दारात हॉर्न वाजला आणि समोरच्या घरातला पडदा हलला. मी गाडीत बसले. वहिनी म्हणाल्या, "काय मास्तरीणबाई, वजन कमी झालं का तुमचं?" भांडणाबद्दल त्या एवढंच बोलल्या. नंतरच्या दोन्ही वर्षी व्हॅन आली.

बुडण्याचं आता थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. गवताळ साम्राज्यं बऱ्याचदा लढाईत हरत नाहीत. गवत वाळतं, वाटायचं रेशीम संपतं, आणि एका सकाळी स्वार तंबू गुंडाळून दुसरीकडे निघतात. दोन हजार आठमध्ये ट्रॉयमधल्या गाड्यांच्या कंपन्यांचं गवत वाळलं. स्केलेबलवाला मुलगा मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला गेला. तुमच्या बाबांना टेक्सासात कुरण सापडलं आणि तुम्ही शुगर लँडला गेलात, जिथे माझ्या ओळखीची एकही व्हॅन नाही. दोन्ही मूळ मंडळं एकाच वर्षी कुणालाही न कळवता संपली. दोघांची मखरं वहिनींच्या बेसमेंटमध्ये एकावर एक ठेवलेली आहेत. वहिनी अजून गुरुवारी फोन करतात आणि आधी तोंडाने हॉर्न वाजवतात.

धाकटे, तू मुद्दे मागितलेस. मी तुला फोनवर गवत, वाटणी आणि नातवंडं असे तीन दिले होते. नातवंडांचा मुद्दा तुला नीट सांगायचा राहिला. त्या मोठ्या खानाचे नातू पर्शियात पर्शियन झाले, चीनमध्ये चिनी झाले, आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं तेव्हा साम्राज्य खऱ्या अर्थाने संपलं. आजीची रीत कुणाला कळेनाशी झाली होती.

त्याच फोनवर, तू ठेवायच्या आधी, थोरलाही आला आणि तुम्ही विचारलंत, "आजी, या डिसेंबरमध्ये आम्ही सांगलीला येऊ का?" मी म्हटलं, "नको रे, केवढा लांबचा प्रवास, तुमची शाळा बुडेल, उगीच त्रास." आणि तुम्ही दोघं एका सुरात म्हणालात, "ओके, आजी."

आता तुम्ही इतिहास वाचला आहे. रविवारी पुन्हा फोन करा. मी नको म्हणेन. तुम्ही फोन ठेवू नका.