कृपाने मागितलेलं हेल्मेट

मी जिला गाडी शिकवली, ती परवा गाडीवरून पडून गेली.

डोक्याला मार लागला. हेल्मेट नव्हतं.

आणि ते का नव्हतं, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून लिहितेय.

तिचं नाव चिसोमो. आफ्रिकेतल्या मलावीची. त्यांच्या भाषेत चिसोमो म्हणजे कृपा, हे तिनेच सांगितलं. त्या दिवसापासून मी तिला कृपाच म्हणायचे. तिला आवडायचं ते.

नर्सिंग शिकायला पुण्यात आली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. नवरा सोडून गेलेला, मुलगी तावोंगा आजीकडे ठेवलेली. वाघोलीत राहायची. बऱ्याच घरमालकांनी तिचं तोंड बघून "फॅमिलीलाच देतो" असं सांगितल्यावर जी खोली उरली, त्या खोलीत.

मी विश्रांतवाडीत बायकांना टू-व्हीलर शिकवते, हे तुम्हाला माहीत आहेच. कृपा बस बदलत बदलत यायची आणि सकाळी सहाच्या बॅचला सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर हजर. शेजारच्या गल्लीतल्या आमच्या बायका आरामात साडेसहाला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "एवढ्या लांबून कशाला येतेस गं? कुणी पाठवलंय का?"

ती थोडं हिंदी, थोडं इंग्लिश करत म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात सायकल पुरुष चालवतो, बाई मागे बसते. मी नर्स झाले तरी पेशंटकडे जाताना मागेच बसणार. तो आला तर."

मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या बहिणीच्या वेळी तो आला नाही."

बहीण बाळंतपणात गेली होती. घरातच.

मी गाडी स्टँडवरून काढली. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"मॅडम, हेल्मेट?"

आणि मी काय म्हणाले?

"अगं, आपण ग्राउंडवर आहोत. चंद्रावर नाही."

अख्खी बॅच हसली. तिला कळलं नव्हतं, तरी तीही हसली.

मी अस्सल पुणेकर. हेल्मेटने मान दुखते, केस गळतात, आणि सक्ती झाली की आम्ही थेट मोर्चाच काढतो. मी माझा स्टोल काढला आणि तिला आपल्या पद्धतीने बांधून दिला. डोक्यावरून, नाकावरून, मागे घट्ट गाठ. फक्त डोळे उघडे.

"आता तू पुण्याची झालीस," असंही म्हणाले वर.

शिकताना सगळ्याच बायका दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी चालवतात. पडायची भीती. मी मागून ओरडत पळते, "पाय वर! पाय वर!"

कृपाने नवव्या दिवशी पाय वर घेतले. ग्राउंडला पूर्ण चक्कर मारली आणि थांबल्यावर हँडलवर डोकं ठेवून रडली. मीही रडले. नंतर दोघींनी टपरीवर चहा घेतला.

कोर्स संपवून ती परत गेली. तिथल्या आरोग्य केंद्रात नर्स झाली. मोटारसायकल मिळाली. गावातले पुरुष हसायचे म्हणे, मग हळूहळू त्यांचेच फोन यायला लागले, बायको अडलीय, लवकर ये म्हणून.

मग ती बायकांना शिकवायला लागली. सात जणींना शिकवलं. एकदा व्हिडिओ पाठवला होता. लाल मातीचा रस्ता, एक बाई डगमगत गाडी चालवतेय, आणि मागून कृपा पळत ओरडतेय.

"पाय वर! पाय वर!"

चक्क मराठीत. मी तो व्हिडिओ प्रत्येक बॅचला दाखवला. कॉलर ताठ करून.

परवा ती एका ओल्या बाळंतिणीला बघायला निघाली होती. वळणावर गाडी घसरली.

काल तिच्या आता मोठ्या झालेल्या मुलीने, तावोंगाने, अंत्ययात्रेचा फोटो पाठवला. पुढे त्या सातजणी, आपापल्या गाडीवर. सगळ्यांच्या तोंडाला त्यांच्याकडचं रंगीत छापील कापड बांधलेलं. डोक्यावरून, नाकावरून, मागे घट्ट गाठ.

आधी ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू.

मग दिसलं. सातही डोकी तशीच.

मी तावोंगाला लिहिलं, "बेटा, तुमच्याकडे कुणीच हेल्मेट घालत नाही का?"

तिचं उत्तर आलं, "आंटी, केंद्राने मम्मीला दिलं होतं. ते कपाटात आहे. मम्मी म्हणायची, माझ्या टीचर पुण्याच्या आहेत, तिथे कुणी घालत नाही."

आणि खाली अजून एक ओळ. "पुढच्या महिन्यापासून मी तिची गाडी चालवणार."

मी तिला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्या दिवशी मी काय केलं होतं ते सगळं सांगितलं, चंद्राचा जोकसुद्धा. मी म्हटलं, कपाट उघड. माझ्यासमोर उघड.

तिने उघडलं. घातलं. हेल्मेटच्या आत आईसारखेच डोळे. मला पुढे बघवेना.

आज सकाळी मी बॅचला हेल्मेट घालून गेले. एकीने हसून विचारलं, "मॅडम, आज कुठे लांब निघालात?"

मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

कृपा, पहिल्या दिवशी तू बरोबर विचारलं होतंस. चुकलं माझं.

नीट जा गं. पाय वर.