धुरातला कोश

माकुणसारच्या नरहरीची पानवाडी गावात नावाजलेली. पण त्याचा जीव अडकला होता चांदण्या नावाच्या, फुलपाखरासारख्या रातपतंगात. फिकट हिरवा, तळहातापेक्षा मोठा, मागे दोन लांब शेपट्या. शेजारच्या बळवंतने तो कुंभवलीच्या माळावर एकदाच पाहिला होता आणि त्यावर दहा वर्षं रुबाब केला होता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक बळवंतलाच विचारायचे. नरहरी भात कालवत बसायचा.

सदुसष्ट सालच्या श्रावणात नरहरीला शेमटीच्या झाडाखाली कोश सापडला, पानांत गुंडाळलेला, आत जिवंत वळवळ. रुमालात बांधून तो घरी आला, तर ओटीवर बळवंत बसलेला. नरहरी तसाच स्वयंपाकघरात गेला. चुलीवर काकडीच्या बियांचं गाठोडं टांगलेलं होतं; त्यात त्याने कोश खुपसला. धुरातलं बी वर्षभर टिकतं, कीड लागत नाही, पेरलं की उगवतं. मग हे का टिकू नये, असा त्याचा हिशेब. बाहेर येऊन त्याने आज काहीच घावलं नाही म्हणून सांगितलं. त्या बातमीवर बळवंतने दोन विडे खाल्ले.

त्यानंतर बायको मंदा फोडणी द्यायला बसली की नरहरी चुलीपाशी घुटमळायचा. भाजीत मीठ कमी आहे का, असं ती विचारायची. गणपती गेल्यावर त्याने कोश हलवून पाहिला. आत सुकं काहीतरी खुळखुळलं. ब्लेडने चिरला, तेव्हा काळं पडलेलं, चिपाडासारखं हलकं निघालं.

त्याच आठवड्यात एका सकाळी बळवंतने कुंपणावरून हाक मारली. त्यालाही एक कोश मिळाला होता, आणि त्याने तो पडवीत उघड्यावर, पावसाची झड लागेल असा टांगला होता. आता त्याच्याखाली चांदण्या लटकत होता, ओलाकच्च.

नरहरीने त्याच्या पडवीत जाऊन वाकून पाहिला. मग बोलला, "शेपटी आखूड हाय रे."

"ओली हाय अजून. बस, वाढंल."

तो बसला. शेपट्या हळूहळू लांबत गेल्या, पंख ताठ झाले. बळवंतने सहज विचारलं, "तुला एकपण कोश घावला नाय यंदा?"

"नाय."

बळवंतच्या बायकोने, दमयंतीवहिनींनी, चहा आणला. चहा फक्कड झाला होता, पण नरहरीने तसं काही म्हटलं नाही.