ढग जमले की दोन डबे

युद्धाचे ढग जमू लागलेत, हे तुम्हाला कशावरून कळतं? पेपरवरून ना? ऐंशीच्या दशकात आमच्या भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत ते डब्यांवरून कळायचं! असे किस्से हिवाळ्यातल्या धुक्यासारखे मनात साचत जातात.

*

युद्ध लागलं नाही, पण लागेलसं वाटतं, तेव्हा पेपरवाले 'युद्धाचे ढग' लिहितात. आमच्या घरची माणसं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. घरी कामाबद्दल चकार शब्द नाही. फक्त म्हणायची, "उद्यापासून दोन डबे दे. ओव्हरटाइम आहे."

बस! आम्ही बायका समजून जायचो.

*

कोपऱ्यावरच्या नामदेवभाऊंच्या किराणा दुकानात रेडिओ नव्हता. कणीक मागितली की विचारायचे, "बाई, एका डब्याची देऊ का दोन डब्यांची?"

*

माझ्या मुलीला शाळेत 'युद्धाचे ढग जमणे' वाक्यात वापरायला सांगितलं. तिने लिहिलं, 'युद्धाचे ढग जमले की बाबा रविवारीही घरी नसतात.'

सरांनी बरोबरची खूण केली, आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले म्हणे. त्यांचा धाकटा भाऊ फौजेत होता.

*

शेजारच्या सुमनबाईंच्या वंदनाचं लग्न एका जवानाशी ठरलेलं. लग्नाची पांढरी साडी ट्रंकेत तयार. आणि दोन डबे सुरू झाले! सुमनबाई रोज माझ्या स्वयंपाकघरात डोकवायच्या. "आज किती वं?"

"दोनच."

त्यांचा चेहरा उतरायचा.

एका संध्याकाळी तो मुलगा एस.टी.तून उतरला, युनिफॉर्मवरच. लग्नासाठी गावी आला होता, तोच परत बोलावणारी तार आली. सुमनबाईंना म्हणाला, "मामी, उद्या सकाळी निघून राह्यलो. लग्न राहू द्या. काय होईल, सांगता येत नाई. वंदनाले थांबवू नका."

आतून वंदना म्हणाली, "थांबते कोण? उद्या सकाळीच लावा!"

मी म्हटलं, "अगं, मुहूर्त?"

"आमच्यात मुहूर्त कायले लागते, काकू?"

सुमनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण लोकांले जेवाले काय घालू? घरात काईच नाई वं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात, सुमनबाईंच्या अंगणात, बुद्धांच्या फोटोसमोर लग्न लागलं. भोंगा झाला, आणि पहिल्या पाळीची सगळी माणसं दुसरा डबा सुमनबाईंच्या ओट्यावर ठेवून, सायकलला एकेकच डबा अडकवून कामावर गेली.